ओहोळावरचा साकव

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला हरिचंद्र गोंधळींची अर्धा एकर झाडी होती. ऐन, साग, दोन जुने आंबे आणि मधून वाहणारा ओहोळ. अंबरनाथच्या कंपनीत फिटर असताना त्यांनी ती जागा घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक रविवार तिथेच गेला. बायको संध्या, मुलगी तेजल, मुलगा अभिजीत. चौघं मिळून खटपट करत. दगडाच्या पायऱ्या रचल्या, बांबूचं कुंपण घातलं. एका उन्हाळ्यात मचाण बांधलं आणि ते त्याच दिवशी कोसळलं, तेव्हा संध्या हसता हसता मातीतच बसली होती. गडीमाणूस कधी लावला नाही. ओहोळावर साकव घालायचा तेवढा राहून गेला.

आता अभिजीत जहाजावर होता. तेजलला बाळ झालं म्हणून संध्या बंगळुरूला गेली. निवृत्त झालेल्या हरिचंद्रांना बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला फ्लॅट खायला उठे. डबा भरून ते सकाळीच स्कूटरवरून जागेवर जात.

"साकव घेऊ का करायला?" त्यांनी संध्याला फोनवर विचारलं.

"घ्या की. पण एक फळी बाकी ठेवा हं, मी दिवाळीला आले की लावू. पहिल्यांदा सगळे मिळून जाऊ पलीकडे."

उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी साकवाच्या आधाराला दोन लांब लोखंडी चॅनेल आणले. टेम्पोवाला कुंपणाशी टाकून निघून गेला. खाली पाइपाचे तुकडे घालून, त्यांवरून सरकवत हरिचंद्रांनी ते ओहोळापर्यंत नेले. पहिला चॅनेल दोर लावून कसाबसा पलीकडे टेकवला. दुसरा उचलताना निसटायला लागला, तसे ते सवयीने ओरडले, "अभी, धर रे!"

चॅनेल धाडकन पाण्यात गेला. हरिचंद्र काठावर बसून राहिले. आपण कुणाला हाक मारली, हे कुणी ऐकलं नाही याचंच त्यांना बरं वाटलं.

पण ऐकलं होतं. पलीकडून वाडीतली बनूबाई डोक्यावर मोळी घेऊन येत होती. तिनं मोळी खाली टाकली.

"येकटंच काय करताव, दादा? उचला तुमचा टोक."

"राहू दे बाई, घरचं काम आहे."

"मंग घरची मानसं कुठं हायेत?"

हरिचंद्र काठावरून उठले. गुडघाभर पाण्यात उतरून दोघांनी चॅनेल वर घेतला.

पुढे सागाच्या फळ्या त्यांनी एकट्यानेच नटबोल्टने कसल्या. मधोमध एका रुंद फळीची जागा मोकळी ठेवली. ती फळी रंधा मारून, तेल लावून झाडाला टेकवून ठेवली.

दिवाळीच्या तोंडावर संध्याचा फोन आला. "अहो, तेजलला ऑफिसात रुजू व्हायचंय. बाळाला कुणाकडे ठेवणार? आता उन्हाळ्यातच जमेल बघा. तुम्हीच या ना इकडे."

"बघतो," ते म्हणाले. आठवडाभर ते जागेवर फिरकलेच नाहीत.

गेले तेव्हा बनूबाई साकवावर मध्यापर्यंत येऊन थांबली होती. डोक्यावर मोळी, पुढे भगदाड. मोळी घेऊन तिला ते ओलांडता येईना आणि वळताही येईना.

"दादा, ही एक फली लावायची इसरलाव का?"

"नाही," हरिचंद्र म्हणाले. "थांब, हलू नकोस."

त्यांनी झाडाला टेकवलेली फळी आणली, भगदाडावर टाकली आणि गुडघे टेकून तिचे बोल्ट आवळले. बनूबाईनं आधी पायानं चाचपून पाहिलं, मग ती सरळ चालत इकडे आली. "सुनंला पन सांगते हितून यायला," म्हणाली आणि वाडीच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर त्यांनीच संध्याला फोन लावला. "फळी बसवली मी," ते म्हणाले. "वाडीतली एक बाई अडकली होती."

पलीकडे बाळ रडत होतं. "बरं केलंत," संध्या म्हणाली. "नाहीतरी मी कधी येणार होते! ठेवू का? याला भूक लागलीय."

हरिचंद्रांनी हो म्हटलं. तिनं थोडं तरी रागवायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं.