रिकामी डबी

थंडीत सकाळचं ऊन गॅलरीतून थेट आत, बैठकीच्या खोलीच्या फरशीपर्यंत यायचं. तनुजा गॅलरीतच सतरंजी टाकून पृथ्वीला खेळायला बसवायची. सर्दीमुळे त्याला खाली नेणं बंद होतं, आणि दोन वर्षांच्या मुलाला घरात गुंतवून ठेवायचं तर रोज नवं काहीतरी काढावं लागे. मटार सोलून परातीत टाकायचे, बोरं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत न्यायची, कोमट पाण्यात काय बुडतं नि काय तरंगतं ते बघायचं.

डब्यांचा खेळ मात्र नुसता खेळ नव्हता. पृथ्वी अजून एकही शब्द बोलत नव्हता, आणि मागून हाक मारली तर बऱ्याचदा वळायचाही नाही. त्याला नीट ऐकू येतं का, हे तनुजाला कळायला हवं होतं. तिने तीन सारख्या स्टीलच्या डब्या घेतल्या. एकीत वाटाणे, दुसरीत तांदूळ, तिसरीत तीळ. त्याला घराकडे तोंड करून बसवायचं, आपण त्याच्या पाठीमागे कठड्याशी बसायचं आणि कधी डाव्या, कधी उजव्या हाताने एक डबी वाजवायची. तो त्या बाजूला वळला की डबी त्याची.

गेला आठवडाभर तो न चुकता वळत होता. तिळाच्या डबीलाही, जिचा आवाज तिला स्वतःला जेमतेम ऐकू येत होता.

"हे बघ, वळलं," मथुराबाई म्हणाल्या. तनुजाच्या सासूबाई दाराशी ताटात तीळ निवडत बसल्या होत्या. "चांगलं ऐकतंय की. ह्याचा बाप जयसिंग बी तीन वर्साचा होईस्तवर मुका व्हता. आता दुकानात गिऱ्हाइकाला बोलू देत न्हाई."

"डॉक्टर म्हणाले होते, आई, एकदा कान तपासून घ्या म्हणून."

"त्यांचं काय जातंय सांगायला? धायरीत एकदा बहिरं म्हणून नाव पडलं की लग्नापत्तुर पुसत न्हाई."

तपासणी उद्या होती. ती रद्द करू, असं जयसिंग काल जेवताना म्हणाला होता आणि तनुजाने होकारार्थी मान हलवली होती. मूल डोळ्यांदेखत वळत असताना तपासणीचा हट्ट कसा धरायचा? तेच खरं ठरावं, असं तिलाही वाटत होतं.

तिने तिळाची डबी पुन्हा उचलली, तर झाकण निसटलं आणि सगळे तीळ सतरंजीवर सांडले. मथुराबाईंनी जीभ चावली. "संक्रांतीचे तीळ हायेत ते. पायाखाली नको येऊ देऊ." तनुजाने हाताने तीळ गोळा करून सासूबाईंच्या ताटात टाकले आणि डबीच्या तळाला चिकटलेले दाणे झटकायला उजवा हात उंच केला.

पृथ्वी उजवीकडे वळला. हसला आणि हात पुढे केला.

डबीत काहीच नव्हतं. कसलाच आवाज झाला नव्हता.

तनुजाने डबी त्याच्या हातात दिली, कारण खेळाचा नियम तो होता. तो पुन्हा पाठ करून बसला. तिने श्वास आवरून रिकामा डावा हात वर नेला. बांगडीसुद्धा वाजू दिली नाही.

तो डावीकडे वळला.

पृथ्वी व्हायच्या आधी ती दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे दुधाच्या नमुन्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची लावायची पद्धत होती. पाण्यातही दूध सापडलं, तर त्या दिवसाचे सगळे निकाल फेकून द्यायचे. एवढा साधा नियम तिला घरात सुचला नव्हता. आठवडाभर ती त्याच्या मानेकडे बघत होती. आता तिने त्याची नजर कुठे आहे ते बघितलं. तो समोरच्या फरशीकडे बघत होता. मागून येणाऱ्या उन्हात तिच्या हाताची सावली त्याच्या पुढ्यात लांबच लांब पडली होती.

तिने पृथ्वीला उचललं, दोन डब्या घेतल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढला. त्याला लाकडी ठोकळे दिले आणि मागे बसली. तांदळाची डबी वाजवली. तो ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला. पुन्हा वाजवली. मग वाटाण्यांची, जोरात. ठोकळे ठेवणारा हात थांबला. त्याने डोकं वर केलं, समोरच्या कपाटाकडे बघितलं आणि पुन्हा ठोकळ्यांत गुंतला.

"पृथ्वी," ती म्हणाली. "पृथ्वी, आई इथे आहे."

तो वळला नाही.

दार उघडून मथुराबाई आत आल्या. "अंधारात कोंडून पोराची परीक्षा घेतीस व्हय? पोर हाय ते. तुज्या लॅबमधली बाटली न्हाई."

"आई, त्याला ऐकू येत नाहीये."

"आत्ता तर वळत व्हतं."

"मग तुम्हीच या. मी हातही लावत नाही."

सगळे गॅलरीत आले. मथुराबाई कठड्याशी बसल्या आणि त्यांनी डबी मागितली. तनुजाने ती दिली नाही. "नुसता हात वर करा. काही वाजवू नका."

"ह्यो कसला खेळ?" असं म्हणत मथुराबाईंनी हात वर केला. पृथ्वी वळला आणि त्याने आजीचा रिकामा तळवा धरला.

"मग वळलं कशापायी?" मथुराबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

तनुजाने फरशीकडे बोट दाखवलं. मथुराबाईंनी हात खाली घेतला, वर केला, पुन्हा खाली घेतला. फरशीवरचा हातही खालीवर झाला आणि पृथ्वी तो पकडायला रांगत पुढे गेला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून हाका मारू लागल्या. आधी पृथ्वी, मग बाळा, मग राजा. शेवटी त्यांनी पितळेचं पातेलं ओट्यावर आपटलं. त्याला तो दचकला आणि भलतीकडेच बघू लागला.

त्या बाहेर आल्या तेव्हा तनुजाने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मथुराबाईंनी फोन उचलला. "जयसिंग, उद्याचं रद्द केलंस का? न्हाई ना? मग करू नगंस. दुकान बंद ठेव. का ते घरी आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत पृथ्वी आजीच्या मांडीवरून उठायलाच तयार होईना. तपासणाऱ्या श्रद्धामॅडम म्हणाल्या, "असू दे. पण आजी, आवाज तुम्हालाही ऐकू येतील. तुम्ही हलायचं नाही. मान नाही, हात नाही, मांडीसुद्धा नाही. त्याला तुमच्याकडून कळता कामा नये."

"कळलं," मथुराबाई म्हणाल्या.

तनुजा आणि जयसिंग काचेपलीकडे उभे राहिले. आत पृथ्वी हातातल्या रबरी ससुल्याचे कान ओढत होता. श्रद्धामॅडमनी बटण दाबलं. काचेबाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण आवाज कधी झाला ते तनुजाला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांच्या पापण्या क्षणभर थांबायच्या. ससा तसाच. पुन्हा पापण्या थांबल्या. ससा तसाच. मथुराबाईंचे ओठ घट्ट मिटले होते आणि पृथ्वीच्या पोटाभोवतीचा हात दगडासारखा स्थिर होता. हीच बाई काल सकाळी सांगत होती की पोर चांगलं ऐकतंय. आता थोडीशी मांडी हलवली असती तर तो वळला असता. त्या हलल्या नाहीत.

"अगं, कितीदा झालं हे?" जयसिंग कुजबुजला.

"बघत राहा."

श्रद्धामॅडमनी आवाज आणखी वाढवला. मथुराबाईंनी डोळे मिटून घेतले. पृथ्वीचा हात थांबला. त्याने मान वर केली आणि सावकाश डावीकडे, आवाजाच्या बाजूला बघितलं. तिथल्या खोक्यात दिवा लागून खेळण्यातलं माकड नाचलं, तसा तो हसला.

नंतर श्रद्धामॅडमनी दोन्ही कानांत एक छोटी नळी लावून बघितली. "मोठा आवाज ऐकतो, बारीक नाही. कानाचे पडदे हलत नाहीयेत, मागे पाणी साचलंय. सर्दीने होतं असं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, ते उतरलं की मी परत तपासते. तेव्हा सगळं ऐकू आलं तर उत्तम. नाही आलं, तर दोष आतल्या कानात आहे, मग ऐकायचं मशीन लावू. आज मी यापुढचं सांगू शकत नाही."

जयसिंगने घसा साफ केला. "मॅडम, म्हणजे हे आपोआप बरं होईल का? थोडे दिवस वाट बघितली तर—"

"तू गप," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी पृथ्वीला कडेवर नीट घेतलं. "बाई, परत कधी आणू ते सांगा. मीच घेऊन बसते त्याला."