पंचवटीतली बेचव साखर

पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात दर गुरुवारी दोन-तीनशे माणसे चमचाभर साखर खातात आणि ती एकालाही गोड लागत नाही. साखर ज्याने त्याने आपल्या घरून आणलेली असते.

मी तिथे गेलो तो माझी भाची इरा हिच्यासाठी. इराला लहान मुलांना होणारा मधुमेह आहे. तिचे शरीर इन्सुलिन तयारच करत नाही. इंजेक्शनवर ती जगते. सकाळी बहिणीचा, तेजश्रीचा, फोन आला.

"दादा, ह्यांनी परवापासून इराचं इंजेक्शन बंद केलंय. आज महाराजांकडे नेतायत तिला. तू ये, मला भीती वाटतेय."

व्यासपीठावर शर्करानंद महाराज बोलत होते.

"साखर पांढरी का? कारखान्यात तिचा प्राण काढतात म्हणून! मेलेली वस्तू पोटात गेली की सोबत शोधते. जिलबीला वेटोळी, म्हणून ती आतड्याला पीळ घालते. काजूकतलीला चार टोकं, ती यकृत कापते. बुंदीचा लाडू गुडघ्यात जाऊन बसतो. उठताना कट् वाजतं ना? बुंदी फुटते ती!"

हसावे असेच हे बोलणे होते. पण कोणी हसत नव्हते. गुडघे धरून बसलेल्या बायका गंभीरपणे माना डोलावत होत्या.

"फळं सात्त्विक. त्यांच्या गोडव्याला मी हात लावत नाही. मी मारतो ते फक्त पांढरीला! जिभेवर मेली, ती रक्तातही मेली. सुया फेकून द्या!"

इरा आईवडिलांजवळ भिंतीला टेकून बसली होती. पाण्याची एक बाटली संपवून ती दुसरी मागत होती. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि जलद. त्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येत होता. मी रसायनशास्त्र शिकवतो. हा वास मला प्रयोगशाळेतून परिचित आहे. मुलाच्या तोंडाला तो येऊ नये.

"विश्वेशराव, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"प्रसाद होऊ द्या, दादा." मेहुण्यांनी आवाज खाली आणला. "मी इंजिनिअर आहे, भोळा नाही. डबा आमचा, चमचा आमचा, साखर आमच्या ओट्यावरची. तरी गेल्या गुरुवारी ती मला रेतीसारखी लागली. हातचलाखी कुठं झाली, तेवढं सांगा."

मी त्यांचा डबा उघडून पाहिला. साखर साखरच होती.

रांग सरकू लागली. सेवेकरी पळीने हिरवट तीर्थ देत होता. "तोंडात घोळवा, मग गिळा." तीर्थ घ्यायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, मग प्रसाद. हा क्रम आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की तो उलटा करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विश्वेशरावांनी तीर्थ घेतले. इराने मात्र कडू वासाने तोंड फिरवले आणि सगळे पाणी केसांना पुसून टाकले. वडिलांनी तिच्या जिभेवर साखर ठेवली.

"गोड आहे की, बाबा."

"नीट सांग."

"गोडच आहे. तुम्हाला नाही लागत?"

आजूबाजूची माणसे तिच्यापासून एकेक पाऊल मागे सरली. महाराजांचा आवाज आला, "पांढरी हिच्यात दडून बसलीय. आज हिला इथंच ठेवा. पाणी बंद करा हिचं."

"ठेवा की हो पोरीला," शेजारच्या बाई म्हणाल्या. "महाराज काय वाईट सांगतील?"

मी पूजेच्या पाटावरचे एक केळे सोलून विश्वेशरावांपुढे धरले. "फळाच्या गोडव्याला महाराज हात लावत नाहीत ना? चाखा."

त्यांनी घास घेतला आणि ते चावता चावता थांबले. "उकडलेल्या बटाट्यासारखं लागतंय."

"मग मेली ती साखर, की तुमची जीभ? इराने तीर्थ घेतलेलं नाही."

त्यांनी एकदा तीर्थाच्या भांड्याकडे पाहिले आणि मुलीला उचलले. लोक वाट देईनात. तेजश्रीने कोपरांनी वाट करून घेतली. मागून आवाज येत होता, "सुई टोचलीत तर मरेल ती!"

सुई टोचली म्हणून ती जगली. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळते आणि रक्तात आम्ले साठतात. श्वासाचा वास त्याचाच. डॉक्टर एवढेच म्हणाल्या, "रात्रभर तिथं ठेवली असती, तर मग आणून उपयोग नव्हता." त्या सभागृहात आणखी किती घरांतल्या सुया बंद झाल्या आहेत, हे मला माहीत नाही.

तेजश्रीच्या पिशवीत गेल्या खेपेच्या तीर्थाची बाटली होती. तिच्या तळाशी पानांचा चोथा होता. तो दाखवून तशीच पाने मी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून आणली, चावली आणि साखर खाल्ली. रेती. पाऊण तासाने तीच साखर पुन्हा गोड लागली.

तुम्ही तिथे जाणारच असाल, तर साखर आधी खा आणि तीर्थ नंतर घ्या. आणि रक्तात काय आहे ते रक्त तपासून ठरवा, जिभेला विचारून नव्हे.

ती पाने गुडमार नावाच्या वेलीची होती. त्यांतले द्रव्य जिभेवरची गोड चव ओळखणारी केंद्रे काही काळ झाकून टाकते. साखरेवर त्याचा परिणाम होत नाही, आणि इन्सुलिनची जागा ते घेऊ शकत नाही.