अकरा दहा ते अकरा पस्तीस

यंत्राच्या पाटीवर जेवढी क्षमता लिहिली असते तेवढंच काम त्याच्याकडून घ्यावं, या मताचा मी माणूस आहे. सिलतराच्या एका लोखंड बनवणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढली. साहेब म्हणायचे, भैय्यालाल, थोडं वाढवा, आणि मी तोंडावर नाही म्हणायचो. त्यापायी बढती गेली, पण माझ्या पाळीत भट्टी कधी बंद पडली नाही. त्यामुळे माझ्याच पोरीने माझ्याच घरात कॉम्प्युटरचा प्रोसेसर ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं काढलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

दीपमाला ॲनिमेशन शिकली आहे. हैदराबादच्या एका स्टुडिओने नोकरीआधीची परीक्षा म्हणून तिच्याकडे एक मिनिटाची फिल्म मागितली होती, सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत. तिने आमच्या शहरातल्या गुढियारीच्या रेल्वे मालधक्क्यावर चुकून मालगाडीत चढलेल्या बकरीची गोष्ट घेतली. बकरी झाली, गाडी झाली, बारीकसारीक दुरुस्त्या शनिवारपर्यंत चालणार होत्या, आणि मग उरणार होतं ते कॉम्प्युटरचं काम. एका मिनिटाची पंधराशे चित्रं त्याला एकेक करून पक्की काढायची होती. आमच्या सात वर्षं जुन्या डब्याला त्यासाठी चोपन्न तास लागणार होते, आणि शनिवारी संध्याकाळी हातात पंचेचाळीसच उरणार होते.

तिने मला समजावलं. प्रोसेसर तीन पूर्णांक सहा दशांश गिगाहर्ट्झवर चालतो, तो चार पूर्णांक चारवर नेला की काम चव्वेचाळीस तासांत होतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी म्हणालो, याला हावरटपणा म्हणतात. हा कॉम्प्युटर जोडला माझ्या मुलाने, बुद्धभूषणने. तो पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोन लावला, तर तोही तिच्याच बाजूचा निघाला.

"बाबा, एकदम नाही वाढवून राहिली मी," दीपमाला म्हणाली. "एक पायरी चढते, तासभर तपासते, मंग दुसरी. गरम झाला तर उतरते. पण हे करीनच."

आणि खरंच तिने गुरुवार-शुक्रवार तसंच केलं. चार पूर्णांक पाचवर मशीन दोनदा गोठलं, तेव्हा कुरकुर न करता एक पायरी खाली आली. पद्धत बरोबर होती, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. फक्त कपाटातून कारखान्याचं एक कोरं लॉग रजिस्टर काढून तिच्यापुढे टाकलं. वेळ, तापमान, शेरा, सही. दर अर्ध्या तासाला नोंद. कारखान्यात रीत अशी की ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच आपल्या अक्षरात शेरा लिहायचा, आणि पुढच्या पाळीच्या माणसाने तो वाचल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही. तिने मान डोलावून हव म्हटलं आणि शनिवारी साडेसातला पहिली नोंद केली.

माझी बायको माया लग्नासाठी नागपूरला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. पाळ्या लावून घेतल्या. रविवार सुरळीत गेला. हवा लागावी म्हणून तिने डब्याचं बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी दहाला तिने मला चार्ज दिला, तापमान नव्वद अंशांच्या वर गेलं तर उठवा म्हणाली आणि आतल्या खोलीत आडवी झाली. दोन दिवसांत ती नीट झोपली नव्हती.

मे महिन्यातलं ऊन. साडेदहाला सत्याऐंशी, अकराला एकोणनव्वद. उठवावं की नको, या विचारात मी दाराशी जाऊन आलो. पोट्टी तोंड उघडं टाकून झोपली होती. मला दया आली, आणि आमच्याकडे तापलेल्या कोणत्याही गोष्टीवर जो इलाज करतात तो मी केला. खिडकीजवळचा पाण्याचा कूलर ओढत आणला, त्याचं तोंड उघड्या डब्याकडे केलं आणि फुल्लवर लावला. सकाळीच त्यात काठोकाठ पाणी भरलं होतं. ते मी विसरलो. वाऱ्याबरोबर पाण्याचे थेंब उडाले, दोन-तीन थेट डब्यात गेले आणि स्क्रीन काळी झाली. घड्याळात अकरा दहा झाले होते.

पुढचं सांगायला लाज वाटते. मी कूलर मुकाट्याने होता तिथे नेऊन ठेवला. फरशीवरचं पाणी गमछ्याने पुसलं. मग दीपमालाला हाक मारली.

ती धावत आली. बटण दाबलं, काही झालं नाही. रजिस्टरमधला एकोणनव्वदचा आकडा पाहिला आणि तिला वाटलं, वाढवलेल्या वेगानेच मशीन तापून बंद पडलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं की आता हात लावू नको, थंड होऊ दे. खरं तर मला तो वाळायला हवा होता. ती कागदावर हिशेब करत बसली. तेराशे चाळीस चित्रं झालेली होती, ती सुरक्षित होती. एकशे साठ उरली होती. वाढवलेल्या वेगाने पावणेपाच तास, साध्या वेगाने पावणेसहा. म्हणजे साध्या वेगाने पाच वाजून जाणार होते.

तिने तो कागद चुरगळला. "तुम्ही बरोबर बोलत होते, बाबा," ती म्हणाली. "हावच केली मी. आता सुरू झाला तर साध्यावरच चालवते. नाही पोचलं तर नाही पोचलं."

एकतीस वर्षांत माझं बरोबर होतं असं कोणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही मीच मशीन बंद पाडल्यावर. तिचे आकडे बरोबर होते. चाळीस तास मशीन तिच्या सांगण्याप्रमाणे चाललं होतं आणि नव्वदच्या आतच राहिलं होतं. मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: अकरा दहा, कूलर समोर आणला, पाण्याचे थेंब आत गेले, मशीन बंद. वेगाचा दोष नाही. चूक माझी. लिहिल्याची वेळ अकरा पस्तीस. सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली.

तिने वाचलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती उठली आणि केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली.

"थंड हवेवर धरा," ती म्हणाली. "मी ब्रश आणते."

मी ड्रायर धरला. प्रोसेसरवर जाळीसारखा धातूचा ठोकळा असतो, त्याच्या फटी तिने रंगाच्या ब्रशने साफ केल्या. आत कारखान्यांची काळी धूळ घट्ट बसली होती, आमच्या गच्चीवर रोज सकाळी साचते तीच. तापमान काहून चढत होतं ते आता दोघांनाही कळलं. कूलर बाहेरच्या खोलीत गेला, त्याच्या जागी कोरड्या हवेचा टेबल फॅन आला. अकरा पंचावन्नला तिने बटण दाबलं. पंखा फिरला.

तिचा हात की-बोर्डवर थांबला. वेग किती ठेवायचा ते ती माझ्या तोंडाकडे पाहून विचारत होती.

"चार पूर्णांक चार," मी म्हणालो. "तुनं तपासला आहे ना? मंग भेतेस काहून?"

त्यानंतर आम्ही दोघं जागचे हललो नाही. दर दहा मिनिटांनी मी आकडा वाचायचो, ती लिहायची. ब्याऐंशी. एक्क्याऐंशी. दुपारी दोनला बाहेर रस्ता भाजत होता तेव्हाही त्र्याऐंशीच. जेवण राहून गेलं, शेंगदाणे खाल्ले. चार वाजून अडतीस मिनिटांनी शेवटचं चित्र आलं. मालगाडीच्या डब्याच्या दारात उभी राहून बकरी मागे सुटणाऱ्या धक्क्याकडे बघते, ते. चार बावन्नला फिल्म गेली. पोचल्याचं उत्तर आलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

मी चहा ठेवला. दीपमाला रजिस्टर चाळत बसली होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"अकरा दहाले बंद पडला," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं अकरा पस्तीसले. मधात पंचवीस मिनिटं काय करून राहिले होते?"

वेळ खोटी लिहिता आली असती, पण हाताला ती सवय नव्हती.

"पहिले वाटलं, माझंच खरं ठरून राहिलं, ठरू दे," मी म्हणालो. "मंग वाटलं, फिल्म नाही गेली तर तू हैदराबादले जात नाही. बुद्धभूषण तर गेलाच आहे."

चहा उतू जायला आला तेव्हा उठून तिनेच गॅस बंद केला. परत येऊन वही माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं.

"हे पण लिहा," ती म्हणाली.

शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली नव्हती. मी दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात सगळं लिहिलं, वेळ टाकली, सही केली. तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.