पिशवीतलं पाणी

दोऱ्याच्या टोकाला बोटभर लांबीची पिशवी हलत होती, ओली, निथळती... पंधरा दिवस जमिनीत उतरवलेल्या नळीच्या तळाशी नुसती लटकून होती ही. काही केलं नाही तिनं. भोवतालच्या पाण्यात जे होतं ते तिच्या पातळ अंगातून आत झिरपत राहिलं, इतकंच.

पाणी तपासणाऱ्या तोकुनागानं ती बाटलीत रिती केली. आता पंप. नियम असा, की नळीत मावेल त्याच्या तिप्पट शिळं पाणी उपसून टाकायचं आणि मग नमुना घ्यायचा. अकरा वर्षं तेच केलं — पण पंप ओढतो तेव्हा आजूबाजूचं चांगलं पाणीही धावत येतं, आणि शेजारच्या, आता बंद असलेल्या कारखान्यात चष्म्याच्या बिजागऱ्या धुवायला वापरलेलं, जमिनीत मुरलेलं विष पातळ होऊन जातं. मागच्या खेपेचा कागद खिशात होता. पंपाच्या पाण्यात विषाचा आकडा सहा, पिशवीच्या पाण्यात चौदा. मर्यादा दहा. कचेरीतले ओकुदेरासाहेब म्हणाले होते, पंपाचाच आकडा पाठव. पिशव्या कसल्या लटकवतोस, लोणच्याचे मुळे वाळत घालतोयस का?

पंपाच्या अशाच एका आकड्याच्या भरवशावर चार वर्षांपूर्वी इथलीच, हिसाआजींच्या टोफूच्या दुकानामागची विहीर पुन्हा उघडली. खाली सही माझी.

गुडघे ठणकत होते. लहानपणी आई मठात न्यायची. प्रवचनकार बोलता बोलता गाऊ लागत, आणि सूर चढला की बायका कपाळ टेकून अमिदा बुद्धाचं नाव पुटपुटत... ‘बुडणाऱ्या, हात मारू नकोस रे, धरणारा तुझ्याही खाली आहे.’ तेव्हा वाटे, हात नाही मारले तर बुडणारच की माणूस. आणि मग जन्मभर हातच मारत आलो, उपसत आलो —

“अहो पाणीवाले,” हिसाआजी वाडगा घेऊन आल्या. “सगळं उपसून नेलंत तर मी टोफू काय आसवांत करू?”

वाडग्यातून वाफ येत होती.

“आजी, हा... विहिरीच्याच पाण्याचा?”

“मग? नळाच्या पाण्याला चव असते होय? तुम्हीच तर उघडून दिलीत. रोज तुमच्या नावानं हात जोडते.”

वाडगा हातात गरम होता. बोट सवयीनं पंपाच्या बटणाकडे गेलं, आणि थांबलं. आजी समोरच्या दगडावर बसल्या, कमरेच्या फडक्याला हात पुसत. पिशवीचा आकडा आजींना सांगायला हवा होता, आणि तो उपसून काढण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. तो खाली बघत राहिला, नळीच्या काळ्या तोंडाकडे. त्याच्याही आत ते सांगणं, अगदी सावकाश, झिरपून वर येत होतं, आणि आज पहिल्यांदाच चांगलं पाणी मिसळून ते पातळ करायची घाई त्याला नव्हती.