बिघडायच्या आधी

"बिघडली नाही तोवरच हात लावायचा," असं लतीफमिस्त्रीनं पुन्हा एकदा सांगितलं आणि देवरामनं पुन्हा एकदा विचारलं, "बिघडली नाय तं हात कशाला लावायचा?"

मी दवाखान्याच्या ओट्यावर औषधाच्या पुड्या बांधत होतो. मला हसू आवरेना. पण देवरामचं काय चुकलं, सांगा. आमच्या जव्हार संस्थानात तोवर असंच चालत आलेलं. कौल फुटून अंथरुणावर पाणी गळायला लागलं की माणूस छपरावर चढणार. बैलगाडीचं चाक ओरडायला लागलं की वंगण आठवणार. धडधाकट वस्तू खोलून बसायची म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलीच गत.

ही वस्तू म्हणजे गद्रे डॉक्टरांची फटफटी. जर्मनच्या लढाईनंतर देवळालीच्या छावणीतला कुणी गोरा विलायतेला परत निघाला, त्याची ही जुनी. डॉक्टर आमच्या दवाखान्यात नवे आले होते. मोखाड्याकडून बोलावणं यायचं, डॉक्टर बैलगाडीत बसायचे आणि पोचेपर्यंत तिकडे लाकडं रचून झालेली असायची. असं चार-पाचदा झालं आणि ते हट्टाला पेटले. पदरचे पैसे घालून त्यांनी फटफटी घेतली. लतीफमिस्त्री ती नाशकाहून घेऊन आला आणि चार दिवस राहिला. हिची देखभाल कोण करणार, असं त्यानं विचारलं तेव्हा मी औषधांच्या कपाटात डोकं घातलं. कंपाउंडरानं कंपाउंडरी करावी, हे माझं पहिल्यापासूनचं मत. मग सापडला तो देवराम, आमचा पाणी भरणारा गडी.

देवराम मोखाड्याकडच्या पाड्यातला. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्याची बायको गेली, तेव्हा एकुलत्या एका लेकीला, रुपीला, घेऊन तो जव्हारला आला आणि दवाखान्याच्या आवारातच खोपट घालून राहिला. पुढे रुपीला त्यानं पोशेऱ्याला दिली. माणूस अगदी अबोल. बोलला तर सगळ्यांना 'तू'च म्हणायचा, डॉक्टरांनासुद्धा. त्याच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच, आणि डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे.

मिस्त्रीची शिकवण मी बसल्याजागी ऐकत होतो. जुनी गाडी घेतली की पहिल्या मालकाच्या शब्दावर जायचं नाही. त्यानं घातलेलं तेल चांगलं दिसलं तरी काढून टाकायचं. नट सैल असो वा नसो, पाना लावून बघायचा. पेट्रोल फडक्यातून गाळल्याशिवाय ओतायचं नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत कातड्याचा पट्टा होता. त्याला एरंडेल चोळायचं, सुकू द्यायचा नाही, आणि आहे तो शाबूत असला तरी दुसरा जवळ बाळगायचा. देवराम मान हलवत होता, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. शेवटी मिस्त्री त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"देख भाई," तो म्हणाला, "नव्या गाडीचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं. जुनीनं आपल्याकडे यायच्या आधी काय सोसलंय, ते आपल्याला दिसत नाही. ती सांगणारपण नाही. म्हणून आपण आधीच बघायचं."

हे मात्र देवरामला पटलं. का पटलं, कोण जाणे.

पटलं ते असं पटलं की विचारू नका. मिस्त्री गेला आणि दुसऱ्या सकाळपासून देवराम वाटी घेऊन माझ्यापुढे उभा. एरंडेल पाहिजे. अरे बाबा, हे रोग्यांचं, म्हटलं. तर तो तसाच उभा. दिल्याशिवाय जायचा नाही. गावाची पोटं तुंबलेली आणि फटफटीचा पट्टा मात्र तुकतुकीत, अशी त्या वर्षी आमची तऱ्हा होती. पाणी भरून झालं की तो तिच्याजवळ बसायचा. पुढच्या चाकापासून सुरुवात करून एकेक नट, एकेक तार बघत मागच्या चाकाशी यायचा. देवरामनं दुसरा घरोबा केला म्हणून बाजारात लोक त्याला चिडवायचे. तो हसायचा. एकदा डॉक्टरांनी त्याला मागे बस म्हटलं, तर त्यानं हात जोडले.

आणि खरं तेच सांगितलं पाहिजे. ती फटफटी एकदाही वाटेत अडली नाही. डॉक्टर सूर्यमाळच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ लागले. वेळेवर पोचल्यामुळे माणसं वाचली. मी एरंडेलाबद्दल कुरकुरणं सोडून दिलं.

दसऱ्याला रुपी बापाला भेटायला आली. सातवा महिना सरत आलेला, पहिलंच बाळंतपण. देवरामनं तिला ओट्यावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तो तिच्या पावलांकडे बघतच राहिला. पावलं सुजली होती. बोटानं दाबलं की खळगा पडून तसाच राहत होता. दुखतंय का, असं त्यानं विचारलंच नाही. तसाच उठला आणि डॉक्टरांना बोलावून आला.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि लघवी तापवायला माझ्याकडे दिली. स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली, तर नासलेल्या दुधासारखं पांढरं वर आलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. हिला इथंच ठेवा, मीठ बंद, दूध द्या, काम करू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. आज काही झालेलं नाही, पण असंच चाललं तर झटके येतील, आणि ते आले की माझ्या हातात फार थोडं उरेल, हेही सांगितलं.

देवरामला एका शब्दात कळलं. दुसऱ्या कुणाला समजावताना डॉक्टरांचा घसा सुकला असता. त्यानं आपल्या खोपटात लेकीला बाज टाकून दिली आणि दूध आणायला गेला.

दोन दिवसांनी तिची सासू, कोंडी, न्यायला आली. कोंडी वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगतो. सुनेसाठी तिनं नागलीची भाकर आणि खारवलेली सुकट बांधून आणली होती. तिनं सुनेला विचारलं, दुखतंय काय? नाही. जेवतेस? जेवते. फिरतेस? फिरते. झालं, कोंडीच्या मनातली शंका फिटली. डॉक्टरांनी तिला सगळं नीट सांगितलं. तिनं मान डोलवली. पण नागली पिकून उभी होती, भातही कापणीला आलेलं, घरात कापणारे हात दोन-तीनच. कापणी झाली की मी स्वतः आणून सोडते, असं ती अगदी प्रेमानं म्हणाली. डॉक्टर पुन्हा सांगू लागले तेव्हा ती ओशाळवाणं हसली.

तेव्हा देवराम बोलला. न बोलणारा माणूस बोलायला लागला की त्याच्याजवळ शब्द कुठून येणार? होते तेवढेच आले.

"बिघडायच्या आधीच बघाया लागतं, कोंडी. गाडीचंपण तसंच हाय. वरून बरी दिसते. पण तिनं आधी काय सोसलंय, ते आपल्याला दिसत नाय."

कोंडीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"माझ्या घरात काय सोसलं तिनं?" ती म्हणाली. "आन तुझी गाडी जुनी व्हती, तं देज घेतलंस तवा का नाय बोललास?"

मुलीसाठी घेतलेलं देज सोयऱ्यानं असं चारचौघांत काढलं, की बापाला पुढे तोंड राहत नाही. लेकीत खोट आहे किंवा सासरी तिला छळलं, असं देवरामला म्हणायचं नव्हतं, हे मला कळत होतं, डॉक्टरांना कळत होतं, आणि मला वाटतं रुपीलाही कळत होतं. पण ती लाजेनं अर्धी झाली होती. सासरचं नाव आपल्यामुळे खाली आलं, एवढंच तिला दिसलं. तिनं गाठोडं उचललं. नागली झाली का येते बा, असं म्हणाली आणि सासूच्या मागं चालू लागली.

मला इतका संताप आला! डॉक्टरांनी दटावावं, देवरामनं आडवं व्हावं, कुणीतरी काहीतरी करावं. पण आपल्या पायांनी चालत निघालेल्या बाईला अडवायचं कसं? दोघंही फाटकाशी उभे राहून बघत होते. मीही बघत होतो.

डॉक्टर त्यानंतर दोनदा वाट वाकडी करून पोशेऱ्याला गेले. रुपी शेतात होती. तोंडावर सूज आलेली, डोकं धरतं म्हणाली. घरच्यांनी डॉक्टरांना घोंगडी पसरून बसवलं, सगळं ऐकलं, हो हो म्हटलं. आता थोडंच राहिलं होतं. तेवढं झालं की आणणारच होते. भांडणारा माणूस असता तर डॉक्टर भांडले असते. हो म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

ते परत आले की देवराम काही विचारायचा नाही, पाना घेऊन फटफटीशी बसायचा. आदल्या दिवशी आवळलेले नट पुन्हा आवळायचा. अरे, झिजतील ते, असं मी एकदा म्हणालो.

"हिला विचाराया लागत नाय," तो म्हणाला.

मी पुन्हा पुड्या बांधायला लागलो.

कार्तिकात एका सकाळी जावई, सोम्या, धावत आला. पहाटे निघाला होता. धापा टाकतच त्यानं सांगितलं. रुपीला झटके येत होते. डॉक्टरांनी पिशवी उचलली. फटफटी पहिल्याच लाथेला सुरू झाली. देवराम न विचारता मागे बसला, पिशवी छातीशी धरली, आणि दोघे गेले. सोम्याला मी पाणी दिलं. तो भिंतीला टेकून विचारत होता, फटफटी किती लवकर पोचते? खूप लवकर, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं. अख्ख्या वाटेत इंजिन एकदा खोकलं नाही. चढ आला की मागून देवरामचा आवाज यायचा, तेल मार, म्हणजे हातपंपानं इंजिनात तेल सोड. एवढंच बोलला तो. गाडीवाट संपली तिथून दोघे पळत घरी गेले. रुपी होती, पण शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दिवेलागणीला ती गेली, पोटातलं पोरही गेलं. अंगणात कापलेल्या नागलीच्या पेंढ्यांचा ढीग होता. त्यातल्या बऱ्याच तिनंच बांधल्या होत्या.

डॉक्टर परतल्यावर कितीतरी वेळ हात धूत राहिले. मला म्हणाले, फटफटी इतकी सुरेख कधी चालली नव्हती. आणि मग ते रडले. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

रुपीचं दिवसकार्य झाल्यावर एका बाजारच्या दिवशी कोंडी दवाखान्यात आली. तिला मी आधी ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. देवरामनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी आत औषध कालवत होतो.

पेला हातात धरूनच कोंडी म्हणाली, "सोम्या पहाटंच निघालेला. तुमी दोघं आलां तवा ऊन वर आलेलं. वाटंत गाडीनं दगा दिला काय?"

माझा हात थांबला. देवरामच्या त्या फटफटीवर असा आळ! मला वाटलं, आता हा सांगणार. आणि सांगावंच, असंही वाटलं. पण गाडीचा दोष नाही म्हटलं, तर दोष द्यायला मागे उरत होती सोम्याची पायवाट, आणि त्याच्याही मागे ते कापणीचे दिवस. कोंडी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हां," देवराम म्हणाला. "पट्टा तुटला. दुसरा बांधला, त्यात येळ गेला."

कोंडीनं श्वास सोडला. "म्हणजे गाडीनंच घात केला."

"गाडीनंच."

ती उठली. जाताना छपराखाली उभ्या असलेल्या फटफटीपाशी थांबली आणि खोडकर बैलाला मारावी तशी तिच्या पाठीवर जोरानं चापट मारली. एकदा, मग आणखी एकदा. देवराम जवळ उभा होता. तिचं मारून होईपर्यंत तो मान खाली घालून थांबला, आणि मग तिचं गाठोडं उचलून फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला.