नंदाताईंची पाच वर्षं

शारदा भजनी मंडळाच्या सात बायका एका दुपारी आधार कार्ड काढायला गेल्या आणि परत येईपर्यंत सगळ्या मिळून एकेचाळीस वर्षांनी तरुण झाल्या. उज्जैनच्या एकाही वर्तमानपत्राने या घटनेची दखल घेतली नाही.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माधव नगरात शिबिर लागलं होतं आणि रांगेत सर्वांत पुढे नंदाताई होत्या. ऑपरेटरने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माताजी, जन्म का साल?" मागे सहा जणींचे कान. नंदाताईंचा जन्म चोपन्न सालचा, पण मंडळात त्यांचं वय बरीच वर्षं त्रेपन्नच होतं. त्यांनी एकोणसाठ सांगितलं. मागे मंडळाच्या अध्यक्ष कल्पनाताई. या दोघी शाळेत एका बाकावर बसत, पण ते त्यांनी मंडळात कधी सांगितलं नव्हतं. एकीचं वय निघालं की दुसरीचं निघणारच. कल्पनाताईंनी साठ सांगितलं. मग पुढचीचं ऐकून प्रत्येकीने आपलं साल ठरवलं. शेवटची भार्गवी तर त्या हिशेबाने नवव्या वर्षी बोहल्यावर चढली.

कोणाचं काही बिघडलं नाही. यंदा बिघडलं.

नंदाताईंना दोन जिने चढताना दम लागायला लागला. मंडळात त्यांनी ॲसिडिटी म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मात्र व्हॉल्व्ह म्हणून सांगितलं, तो लवकर बदलायला हवा म्हणाले, आणि खर्चाचा आकडा कागदावर लिहून कागद उलटा ठेवला. नंदाताईंचे यजमान सुहासराव बंद पडलेल्या मिलचे टाइमकीपर. त्यांनी कागद सुलटा केला, वाचला आणि पुन्हा उलटा ठेवला.

"सत्तर पार असतील तर आयुष्मान कार्ड बनतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात होऊन जाईल."

दोघं देवास गेटला शैलेंद्रच्या ऑनलाइनच्या दुकानात गेले. शैलेंद्र म्हणजे भार्गवीचा जावई. मराठी सगळी समजायची, बोलायचा हिंदीच. त्याने आधारचा नंबर टाकला.

"अंकल, नहीं बनेगा. आंटी तो छियासठ की हैं."

"अरे भाई, सहासष्ट कुठली, एकाहत्तर पूर्ण आहेत," सुहासराव म्हणाले. "मी लग्न केलंय तिच्याशी."

"लगती तो साठ की हैं."

एवढ्या वाईट बातमीवरही नंदाताई लाजून हसल्या. मग दम लागला म्हणून बाकावर बसल्या.

शैलेंद्रने समजावलं, की तारीख दुरुस्त होईल, पण शाळेचा कागद लागेल. गुणपत्रिका आहे? होती. शिबिरानंतर आठ दिवसांनी नंदाताईंनी ती, पुरावा नको म्हणून, बंबात घातली होती.

राहिलं शाळेचं रजिस्टर. शाळेतल्या बाबूंनी ते धूळ झटकून उघडलं. चौदाव्या ओळीत नंदा, साल चोपन्न. पंधराव्या ओळीत कल्पना, नंदापेक्षा आठ महिन्यांनी मोठी.

"कॉपी पूरे पन्ने की मिलेगी," बाबू म्हणाले.

नंदाताईंनी रजिस्टर मिटलं. "नको. राहू दे."

"अगं, व्हॉल्व्ह आहे तो!" सुहासराव तिथेच ओरडले.

"हळू बोला. ते पान शैलेंद्रच्या हातात म्हणजे भार्गवीच्या हातात. कल्पना मंडळाची अध्यक्ष आहे, सगळ्या तिला माझ्याहून लहान समजतात. माझ्यापायी तिची फजिती कशाला?"

"आणि माझी?" सुहासराव म्हणाले. "मी एकटा काय करू घरात?"

घरी येईपर्यंत रिक्षात दोघं दोन्हीकडच्या पाट्या वाचत बसले.

संध्याकाळी नंदाताई कल्पनाताईंकडे गेल्या. त्या स्टुलावर पाय ठेवून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"कल्पना, शाळेच्या रजिस्टरात आपण दोघी एकाच पानावर आहोत."

"माहितीये. मी जूनमध्येच बघून आले."

"तू कशाला गेली होतीस?"

"गुडघा बदलायला सांगितलाय. कार्डासाठी पान काढायला गेले, बघते तर वरच्या ओळीत तू. म्हटलं, जाऊ दे, नंदाची इज्जत का घालवू? आले परत."

"जूनपासून लंगडतेयस माझ्यासाठी?"

"आणि तुझी ॲसिडिटी गं? दोन जिन्यांवर भात्यासारखी वाजतेस, ती?"

"व्हॉल्व्ह आहे."

कल्पनाताईंचा तेलाचा हात थांबला. "वेडी आहेस का तू? व्हॉल्व्ह बदलायचाय आणि माझं वय झाकत बसलीस?"

"तुझं माझ्याहून आठ महिने जास्त आहे."

"तेही वाचलंस वाटतं."

"वाचलं," नंदाताई म्हणाल्या. मग दोघी इतक्या हसल्या की नंदाताईंना पाणी द्यावं लागलं, आणि ते आणायला कल्पनाताई लंगडत धावल्या.

मंगळवारी आरतीनंतर कल्पनाताई उभ्या राहिल्या. "नंदाचं आणि माझं, दोघींचं साल चोपन्न. कागद दुरुस्त करायला उद्या अकराला जातोय. आणखी कोणाला सत्तरी गाठायची असेल तर चला."

एकीने टाळ खाली ठेवला. मग मागून भार्गवीने विचारलं, "माझा फरक दहाचा आहे. एका फेरीत होईल का?"

दुसऱ्या दिवशी शैलेंद्र म्हणाला, "आंटी, दुनिया उमर कम करवाने आती है, आप लोग बढ़वाने?" तेवढ्यात त्याच्यासमोर सासूबाईंचा कागद आला. त्याने तो वाचला आणि मुकाट्याने फॉर्म भरायला घेतला. रविवारी त्याला तिथे जेवायला जायचं होतं.

दुरुस्ती यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत नंदाताई उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपत, आणि सुहासराव दर तासाला मोबाइलवर मेसेज आला का बघत. एकदाचं कार्ड झालं. फोटोत नंदाताई चोरी पकडली गेल्यासारख्या दिसत होत्या. पण वय होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सुहासराव पाच तास एका खुर्चीत बसले. शेजारी कल्पनाताई, पाय लांब करून. त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासरावांना आत बोलावलं. नंदाताईंनी डोळे किलकिले केले होते. शुद्ध आली का ते बघायला तरुण डॉक्टर वाकून विचारत होता.

"माताजी, नाम बताइए?"

"नंदा."

"कहाँ रहती हैं?"

"माधव नगर."

"उमर?"

नंदाताईंनी मान थोडी वळवली. शेजारच्या पलंगावर त्यांच्याच वयाची एक बाई जागी होती आणि इकडेच बघत होती.

"छियासठ," नंदाताई म्हणाल्या.

डॉक्टरने कार्डावरचं वय पाहिलं, नर्सकडे पाहिलं आणि काळजीने पेन उघडलं.

"लिहू नका, डॉक्टरसाब," सुहासराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "होश में है. एकदम पूरी होश में है."