गळकी पिंपं

वहिनींनी होडीतून वाकून लांब काठी पाण्यात खुपसली, वर काढली आणि ओल्या खुणेवर अंगठा दाबून धरूनच त्या धक्क्यावर आल्या. काठीवर एक लाल रेघ होती. बोटीच्या पोटाखाली शिशाचं जड पातं असतं, ते पाण्यात किती खोल जातं हे दाखवणारी. अंगठा रेघेच्या चांगलाच खाली होता.

"आज निघाली तर निघाली," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या. "उद्या नाही."

सरोवराचं पाणी रोज उतरत होतं. धक्क्यापासून मोकळ्या पाण्याकडे जाणारी वाट गाळाने भरत आली होती, आणि तिच्या तोंडाशी, दगडांच्या वळणावर, गाळाचा चांगला उंचवटा झाला होता; वहिनींनी काठी खुपसली ती तिथेच. बोट आत अडकली की संपलंच. पाणी आटल्यावर ती गाळात आडवी पडणार, उन्हात तिच्या फळ्या उलणार, आणि मग तिला बोट म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीखातर. त्यातली एकेक फळी वहिनींच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने तासून बसवलेली. सगळा धक्का त्यांना कप्तान म्हणे.

कप्तान पलीकडच्या बाकावर बोटीकडे पाठ करून बसले होते. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांनी बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. बोलणं तुटक झालं होतं, आणि जे काही बोलत त्यात 'नको' हाच शब्द जास्त. आजही वहिनींनी त्यांना 'जरा उन्हात बसा' म्हणून फूस लावून आणलं होतं. खरं सांगायचं तर या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. नवऱ्याचं अंथरुणापासून आंघोळीपर्यंत सगळं केलं, पण त्याला कुणाला 'बिचारे' म्हणू दिलं नाही. एका मावशींनी म्हणून पाहिलं, तर त्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

उथळ पाण्यातून अशी बोट काढायची एक युक्ती आहे. बोट एका अंगावर कलली की खालचं पातं तिरकं होऊन वर येतं. म्हणून शिडाखालची आडवी दांडी पाण्यावर बाहेर वळवायची, तिच्या टोकाला पाण्याने भरलेली पिंपं टांगायची आणि तशीच तिरकी तिरकी निघून जायचं. धक्क्याला ही युक्ती कप्तानांनीच शिकवलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे असंच करत.

बेकरीवाल्याची बोट शेजारीच बांधलेली असे. धक्क्याच्या टोकाला ताडपत्रीखाली निळी पिंपं होती, तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, आणू का एकेक?

"गळकी निघाली सगळी," वहिनी म्हणाल्या. "दांडीवर माणसंच बसायला हवीत. तुम्ही आणि मी."

बेकरीवाला एकटाच दोघांच्या जागी होता. जन्मभर जो तो वजन कमी करा म्हणत आला, आज पहिल्यांदा कुणालातरी त्याची किंमत कळली, असं म्हणत त्याने चपला काढल्या. पण इंजिनापाशी उभ्या असलेल्या लेकीने नेमकं विचारलं: आई दांडीवर बसली तर सुकाणू कोण धरणार? तिला इंजिन चालवता येई, पण त्या दगडांमधून बोट तिने कधीच काढली नव्हती. बेकरीवाल्याचं तर नावच नको, त्याची स्वतःची बोटही त्याची बायको चालवायची.

वहिनी बाकापाशी गेल्या.

"अहो, चला."

"नको."

"मला दांडीवर बसायचंय. सुकाणूला माणूस नाही."

कप्तानांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, वहिनींना दाखवला आणि पुन्हा मांडीवर ठेवून दिला.

"डावा आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "दोन्ही कुठे मागतेय मी."

कप्तानांनी मान वळवून बोटीकडे पाहिलं. मग त्यांनी काठी टेकली आणि उठले.

त्यांना बोटीवर चढवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. लेक पुढून ओढतेय, बेकरीवाला मागून रेटतोय, आणि मध्येच पाय घसरला तसा कप्तानांच्या तोंडून एक अस्सल शिवी बाहेर पडली. किती महिन्यांत एवढं स्वच्छ ते काही बोलले नव्हते. लेकीला हसू आवरेना.

वहिनी आणि बेकरीवाला दांडीवर सरपटत बाहेर गेले आणि बोट कुरकुरत कलली. कप्तानांनी सुकाणूचा दांडा डाव्या हातात धरला. आधी नुसताच धरला. मग कोपर बरगडीला टेकवून, अंग थोडं वळवून, स्वतःला नीट बसवलं. वळणापर्यंत बोट सुरळीत गेली. तिथे खालून खरखर आली, सगळी बोट थरथरली आणि जागच्या जागी थांबली. लेकीने घाबरून इंजिनाच्या खटक्याला हात घातला.

"बंद नको," कप्तान म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले होते. हातातला दांडा ते किंचित इकडे, किंचित तिकडे करून पाहत होते. मग त्यांनी बोटीचं नाक थेट दगडांकडे वळवलं. बेकरीवाल्याने दांडी दोन्ही हातांनी कवटाळली.

"सरका," कप्तान ओरडले. "आणखी बाहेर!"

वहिनी दांडीच्या पार टोकाला सरकल्या, इतक्या की त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. बोट आणखी कलली. मागे पाणी चहासारखं गढूळ झालं, एक लांब घासल्याचा आवाज आला आणि थांबला. दगड हात लावावा इतक्या जवळून मागे गेले, त्यांच्या कडेलाच गाळ कमी होता, आणि समोर सगळं मोकळं पाणी होतं. माणूस बघावा तर असा, एका हाताचा आणि तोही डावा. बेकरीवाला दांडीवरूनच टाळ्या वाजवायला गेला आणि पडता पडता वाचला.

नांगराच्या जागेकडे जाताना बोट बाहेरून वळसा घेऊन धक्क्याच्या टोकाजवळून गेली. वाऱ्याने ताडपत्री उडाली होती. निळी पिंपं ओळीने उभी होती, काठोकाठ भरलेली, तोंडाला दोरही बांधून ठेवलेले. त्यांच्याखालच्या फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

कप्तानांनी पाहिलं. वहिनी दांडीवरून उतरून पाय पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मग नेहमीच्या सवयीने वहिनींनी सुकाणूकडे हात पुढे केला.

"बस तू," कप्तान म्हणाले. दांडा त्यांनी सोडला नाही.

थोडं अंतर गेल्यावर ते पुन्हा बोलले. एकेक शब्द जुळवून, सावकाश.

"ती पिंपं... टाकू नकोस. पुढच्या वर्षीही गळू देत."